आधी विचारावे, मग द्यावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावे, असे कार्यकारिणीने मला सुचविले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेल्या पावसाळ्यात दादरच्या फुलबाजाराबाहेर तो मला आपणहून भेटला.

दान देणे आपल्या घरांना नवे नाही. संक्रांतीचे वाण, दारी आलेल्याला पसाभर धान्य, हे सारे आपण आईच्या आणि सासूबाईंच्या हाताखाली शिकलो. त्यात एक गोष्ट मात्र ठरलेली असते. काय द्यावयाचे ते देणारी ठरविते. घेणारीला सहसा कोणी विचारीत नाही.

बाजाराच्या कडेला झेंडूचे हार ओवणाऱ्या बायका आपण पाहिल्या असतील. त्यांतली साठीच्या घरातली एक बाई रात्रीही तेथेच, बंद दुकानाच्या पत्र्याखाली निजते. पाऊस धरून आला होता, म्हणून मी विचारले, "मावशी, पोळीभाजी आणून देऊ का?"

ती हसली. म्हणाली, "पोळी देणारे पुष्कळ भेटतात, ताई. अंघोळीला आडोसा असला कुठं तर सांगा. आणि माझे हे कागद कुणी ठेवून घेईल का?"

कागद म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आधार कार्ड, रेशन कार्ड आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. दोन पावसाळ्यांत दाखल्यावरची शाई फुटली होती. नवरा गेला, भाड्याची खोली सुटली. हारांच्या मजुरीवर तिचे पोट भरते, पण नव्या खोलीचे डिपॉझिट साठत नाही. मग ती हळूच म्हणाली, "अंधार पडला की मी पाणी पीत नाही, ताई. रात्री उठून जायचं कुठं?"

भगिनींनो, या वाक्याचा अर्थ आपणा बायकांना उलगडून सांगावयास नको. पोटाची भूक चेहऱ्यावर दिसते. ही अडचण विचारल्यावाचून दिसत नाही. दया म्हणजे मन द्रवणे, एवढेच आपण समजतो. त्यापुढची पायरी मला त्या माउलीने दाखविली. समोरच्या माणसाला त्याची गरज सांगू देणे, ही ती पायरी होय.

ती एकटी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरातील दर १ लाख वस्तीमागे १०० माणसांच्या कायम निवाऱ्याची सोय सांगितली होती. सरकारने आणि महापालिकेने करावयाचे ते त्यांनी करावेच, आणि आपण ते मागावेही. परंतु तोवर तिची प्रत्येक सकाळ उजाडतेच आहे.

या कामी आपल्याला गुरू दूरचा शोधावा लागत नाही. गाडगे महाराज १९०५ साली घर सोडून निघाले आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत फिरतच राहिले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि गाडगे. अनोळखी माणसाने त्यांना वाटेवरचा भिकारीच समजावे! स्वतःसाठी झोपडी न बांधणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. आपल्या दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परगावाहून उपचारांसाठी आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबतच्या माणसांना तेथे आसरा मिळतो. बाबांच्या दशसूत्रीत अन्न, पाणी, वस्त्र यांच्याबरोबर बेघरांना आसराही सांगितला आहे.

आपल्याला धर्मशाळा बांधावयाची नाही. मंडळाची खोली दुपारपर्यंत कुलुपात असते. तीत मोरी आहे, संडास आहे, नळाला पाणी आहे, शिवणवर्गाचे कपाट आहे. माझी सूचना एवढीच की मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ८ ते १० खोली उघडावी. दोघी सभासदांनी पाळीने हजर राहावे. कपाटाचा एक कप्पा कागदांसाठी राखावा. फुटलेल्या दाखल्याची नवी प्रत काढावयास कोणीतरी मावशींबरोबर जावे.

"आज एक आली, उद्या दहा येतील," असे काही जणींनी मला म्हटले आहे. ही शंका खोटी नाही. दहा आल्या तर पाण्याच्या वीस बादल्या लागतील आणि मोरी आपल्यालाच धुवावी लागेल. शेजाऱ्यांना आधी विश्वासात घ्यावे लागेल. म्हणूनच तर आज त्यांच्यादेखत बोलत आहे. खर्च वर्गणीतून भागतो की नाही, ते खजिनदारबाईंनी पाहून सांगावे. माझ्या दोन पाळ्या मी आताच लिहून देते.

येत्या मासिक सभेत हा विषय ठेवावा, अशी अध्यक्षबाईंना विनंती आहे. ज्यांना संमत नसेल त्यांनीही अवश्य यावे आणि मोकळेपणी बोलावे. मात्र येण्यापूर्वी आपापल्या वाटेवरच्या एखादीला, "तुम्हाला काय हवे?" एवढे विचारून यावे. तिने जे सांगितले असेल, ते सभेत सांगावे.