शेकोटीच्या लाकडाची गिटार

एका परिचित कुटुंबाच्या घरची जुनी शेकोटी मोडली, तेव्हां तिच्यावरची महॉगनीची तुळई टाकून देण्याच्याच लायकीची उरली होती. लाकूड शंभर वर्षांहून जुनें, आणि ठिकठिकाणीं किडीनें पोखरलेलें. १९६३ च्या ऑगस्टांत लंडननजीकच्या फेल्टम येथील एका सोळा वर्षांच्या मुलानें तें घरीं आणलें, छिद्रांत आगकाड्या ठोकून तीं बुजविलीं आणि त्यांतून विजेच्या गिटारीची दांडी घडावयास घेतली.

मुलाचें नांव ब्रायन मे. त्याला हवी होती अमेरिकन बनावटीची गिटार. पण तिची किंमत घराला झेपणारी नव्हती. वडील हॅरोल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे आराखडे काढीत. त्यांनीं घरांतली रिकामी खोली या कामास दिली, आणि जवळजवळ दोन वर्षें बापलेक तेथें फावल्या वेळीं राबले. घरांत संसाराची एकही मोडकी वस्तु त्यांच्या तावडींतून सुटली नसावी. गिटारीच्या अंगाचा गाभा जुन्या ओकच्या टेबलाचा झाला. पडद्यांमधील खुणांसाठीं आईच्या डब्यांतलीं शिंपल्याचीं बटणें आलीं. अंगांत मुद्दामच पोकळ्या ठेवल्या. हेतु असा कीं, ध्वनिवर्धकासमोर वाद्य उभें केलें असतां त्याच्याच आवाजानें तारा पुन्हां थरथराव्या व स्वर लांबावा. दर्शनी भागावर एक शोभेचें छिद्रही पाडावयाचें होतें. तें राहूनच गेलें.

खरी कसोटी होती स्वर हेलकावणाऱ्या दांड्याची. हा दांडा दाबला कीं सहाही तारा सैल होतात आणि स्वर उतरतो. पण सोडल्यावर तारा पुन्हां नेमक्या पूर्वीच्या सुरांत आल्या पाहिजेत. घर्षण राहिलें तर वाद्य बेसूर होतें. बापलेकांनीं यावर तराजूचा न्याय लावला. तारा जेथें अडकवितात ती पट्टी पोलादी सुरीच्या धारेवर तोलून धरली, आणि तारांच्या ओढीस उलट ओढ म्हणून १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या इंजिनांतील झडपांच्या दोन स्प्रिंगा बसविल्या. दांडा सायकलच्या पिशवीच्या आधाराचा, आणि त्याचें टोंक आईच्या विणकामाच्या सुईचें!

सगळेंच मात्र घरीं साधलें नाहीं. तारेचें कंपन विजेंत उतरविणारीं, म्हणजे लोहचुंबकाभोंवतीं बारीक तांब्याची तार गुंडाळलेलीं वेटोळीं ब्रायननें स्वतः केलीं. पण तार बाजूस ताणली कीं नको तो आवाज येई. अखेर बर्न्स कंपनीचीं तीन वेटोळीं विकत आणावीं लागलीं. त्यांतही प्रत्येकास दोन बटणें दिलीं : एक चालू-बंद करण्याचें, दुसरें प्रवाहाची दिशा उलटविण्याचें. दोन वेटोळीं परस्परविरुद्ध जोडलीं म्हणजे दोहोंतील समान अंश एकमेकांस मारतो आणि आवाज बारीक, धारदार होतो.

पुढें याच वाद्यावरून घरांत बिनसलें. १९७० सालीं ‘क्वीन’ हा वाद्यवृंद निघाला (त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचें शालेय शिक्षण पांचगणीस झालें होतें), आणि त्यापायीं ब्रायननें खगोलशास्त्रांतील डॉक्टरेटचें संशोधन अर्ध्यावर सोडलें. ज्या हातांनीं गिटार घडविली, त्याच वडिलांना मुलानें तिच्यावर पोट भरावें हें रुचलें नाहीं. दोघांत बराच काळ अबोला होता. शेवटीं मुलानें त्यांना कॉन्कॉर्ड विमानानें न्यूयॉर्कला नेलें. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील ती गर्दी पाहून वडिलांचें मन वळलें. १९८८ सालीं हॅरोल्ड मे वारले.

गिटारीची डागडुजी निघाली ती त्यानंतर, १९९८ सालीं. तीस वर्षांच्या वापरानें लाकूड झिजलें होतें, रोगण उडालें होतें. काम सोंपविलें ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग फ्रायर या वाद्यकारागिराकडे. त्यानें आधीं तिच्या तीन प्रतिकृति केल्या होत्या; म्हणजे कोणता ओबडधोबडपणा घडणीचा आणि कोणती जखम वापराची, हें त्याच्या हाताला ठाऊक होतें. बाजारांतला नवा सरस भाग बसविणें सोपें होतें. पण तसें केल्यास चौथी प्रतिकृतिच तयार झाली असती. मुळांत जें साहित्य वापरलें होतें तशाच साहित्यानें त्यानें झीज भरून काढली.

३ जून २००२ रोजीं राणी एलिझाबेथ यांच्या सुवर्णमहोत्सवाच्या संगीतसमारंभास बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरून राष्ट्रगीत वाजवून प्रारंभ झाला. वाजविणारे होते ब्रायन मे, आणि हातांत तीच शेकोटीच्या लाकडाची गिटार.