तांबोशी आणि बर्फ

तांबोशी म्हणजे तांबूस अंगाचा, पांढऱ्या मांसाचा समुद्रमासा. हिचाच एक भाऊबंद, फुएदाई, जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर मिळतो. पाठीवरचा पांढरा ठिपका ही त्याची खूण. ट्यूना आणि सामनच्या गाजावाजात जपानबाहेर त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. तिथले जाणकार मात्र त्याचे पातळ काप शिरका घातलेल्या भाताच्या मुटक्यावर ठेवून सुशी करतात. कातडीखाली चरबी असते, म्हणून कातडी काढत नाहीत. तिच्यावर उकळतं पाणी ओततात आणि लगेच तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवतात. डोकं-काट्यांचं सार होतं.

आपली तांबोशी लहानपणी खाडीत, कांदळवनात राहते. कोळंबी, चिंबोऱ्या, बारीक मासे खाते, तेही बहुधा रात्री. मोठी झाली की खोल समुद्रातल्या खडकांकडे, कधी शंभर मीटर खाली जाते.  

मुद्दा बर्फाचा. जपानी कोळी चांगला मासा हाती येताच मेंदूत टोचा मारतो, रक्त काढून टाकतो आणि त्याला थंड करतो. तडफडून मेलेल्या माशाचं मांस लवकर उतरतं. आपल्याकडे मुरबाड-शहापुरात धार काढून दुधाची किटली उन्हात ठेवणारा कुणी सापडणार नाही. मासाही दुधासारखाच नाशवंत. किटली वाटेत तासभर तापली, की पुढे डेअरीत कितीही थंड करा, गेलेलं दूध परत येत नाही. शिवाय दूध फाटलेलं दिसतं तरी. मासा मसाल्याखाली लपतो. मुंबईच्या धक्क्यावरून कल्याणमार्गे इथल्या बाजारात येईपर्यंत तांबोशीची किटली किती वेळा उन्हात राहते, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. गिऱ्हाईक भावासाठी तासभर घासाघीस करतं, पण टोपलीत बर्फ आहे का, हे बघत नाही! उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ लागतो. डोळा फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर येणारं, हे बघावंच. पण त्याआधी बर्फ बघावा.

जपानी लोक मासा कच्चा खातात म्हणून बाजारातली तांबोशी कच्ची खाऊ नये. कच्च्या माशातले कृमी मरण्यासाठी तो उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवावा, असा अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा दंडक आहे. घरच्या फ्रिजमध्ये तेवढी थंडी टिकेलच असं नाही. शिजवायला मात्र मासा सरस: जाड तुकड्या तव्यावर, डोकं कोकम घालून कालवणात. घरी पोचायला वेळ लागणार असेल, तर मासेवालीकडून पिशवीत मूठभर बर्फ मागून घ्यावा.