ऑपरेशनच्या आधीचे चार आठवडे
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. तरी आज आरोग्यावर बोलतोय, कारण घरात कोणाला कॅन्सर निघाला की दवाखान्याची फाईल आपल्यासारख्यांच्या हातात येते. रिपोर्ट वाचायचा, योजनेचे कागद जमवायचे, डॉक्टर काय म्हणाले ते घरी समजावून सांगायचं, ही सगळी कामं घरातल्या शिकलेल्या मुलामुलींकडे येतात. म्हणून ही गोष्ट डॉक्टरांइतकीच आपल्यालाही माहीत हवी.

निदान झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत बहुतेक वेळा काही आठवडे जातात. तपासण्या, भूलतज्ज्ञांची परवानगी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी, मग तारीख. या दिवसांत आपल्या घरांत काय होतं? पेशंटला पलंगावर झोपवतात. पाण्याचा ग्लासही हातात आणून देतात. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "आप बस आराम करो." हे सगळं प्रेमापोटी असतं. पण म्हाताऱ्या शरीराला ते महागात पडतं.

अमेरिकेतला एक छोटा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस कमी झालं. हे निरोगी लोक होते. ज्याला कॅन्सर आहे, भूक मेली आहे आणि झोप उडाली आहे, त्याचं काय होत असेल, याचा विचार करा.

आता ऑपरेशन शरीराकडून काय मागतं ते पाहू. पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या ऑपरेशननंतर जखम भरायला, जंतूंशी लढायला शरीराला जास्त प्राणवायू लागतो. तो पुरवायचं काम हृदय आणि फुप्फुसं करतात, तेही माणूस झोपून असताना. आमच्या कामात सेलच्या दिवशी सर्व्हरवर किती भार येईल याचा अंदाज घेऊन आधीच क्षमता वाढवून ठेवतात. ऑपरेशन हा शरीरावरचा तसाच ठरलेल्या तारखेचा भार आहे. क्षमता कमी पडली तर न्यूमोनिया होतो, हृदयावर ताण येतो, जखम भरत नाही, माणूस आयसीयूत अडकतो. यालाच डॉक्टर गुंतागुंत म्हणतात.

पेशंटची क्षमता किती, हे नुसतं बघून कळतं का? 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली १,४०१ पेशंटांचा अभ्यास आला. ज्यांची क्षमता मोजणीत खरोखर कमी निघाली, त्यांच्यापैकी फक्त १९ टक्के लोकांना डॉक्टरांनी अंदाजाने ओळखलं होतं. त्यापेक्षा साध्या १२ प्रश्नांची एक यादी जास्त उपयोगी ठरली. जिना चढता का, घरातली जड कामं करता का, असे ते प्रश्न आहेत.

आपल्याकडे इथेच एक गडबड होते. भूलतज्ज्ञ अम्मीला विचारतात, "किती मजले चढता?" आणि उत्तर अब्बा देतात किंवा मुलगा देतो: "हां, घर का सब काम करती हैं." अम्मीला मात्र ती दोन मजले न थांबता चढू शकते का, हे आयुष्यात कोणी विचारलेलंच नसतं. तेव्हा फाईल घेऊन जाणाऱ्यांनो, आधी अम्मीसोबत जिना चढून बघा. किती पायऱ्यांवर दम लागला, छातीत दुखलं का, ते लिहून न्या. आणि उत्तर तिलाच देऊ द्या.

मग या आठवड्यांत क्षमता वाढवता येते का? बार्सिलोनात ७० वर्षांवरच्या किंवा जास्त जोखमीच्या लोकांवर, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी, हा प्रयोग झाला. नेहमीच्या पद्धतीने गेलेल्यांत ६२ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, आधी व्यायाम करून गेलेल्यांत ३१ टक्के. आतड्याच्या कॅन्सरच्या २५१ पेशंटांवरचा दुसरा अभ्यास २०२३ साली आला. चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार, धूम्रपान बंद. गंभीर गुंतागुंत ३० टक्क्यांच्या आसपास होती, ती १७ टक्क्यांवर आली.

पण ही जादू नाही, हेही सांगायला हवं. माँट्रियलमध्ये फारच अशक्त झालेल्या वृद्धांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा गुंतागुंतीत फरक दिसला नाही. म्हणून वाट न पाहता पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची. आणि व्यायामासाठी ऑपरेशनची तारीख आपल्या मनाने पुढे ढकलायची नाही.

यासाठी जिम लागते असंही नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने पेशंटला फक्त अर्धा तास दिला. फुप्फुसांना काय धोका असतो हे समजावलं आणि शुद्धीवर आल्याबरोबर करायचे श्वासाचे व्यायाम शिकवले. फुप्फुसांची गुंतागुंत २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली. अर्धा तास! तेवढा वेळ आपण डॉक्टरांकडे मागू शकतो.

माझ्या खालाचं आतड्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिचं वय ६६ होतं. हातात साडेतीन आठवडे होते. फिजिओथेरपिस्टने तीन गोष्टी सांगितल्या: दम लागेल पण बोलता येईल इतकं चालायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, आणि तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करायचा. खाला गच्चीवर फेऱ्या मारायची, माझी बहीण वहीत आकडा लिहायची. पहिल्या दिवशी सहा फेऱ्या, शेवटच्या आठवड्यात बावीस. शेजारपाजारचे म्हणाले, "बीमार औरत को चला रहे हो?" ऑपरेशननंतर त्रास झालाच. पण दुसऱ्या दिवशी नर्सने उठायला सांगितलं, तेव्हा खाला पाय टेकून उभी राहिली आणि खुर्चीत जाऊन बसली.

खाण्याचंही तसंच आहे. आजारी माणसाला आपण पातळ खिचडी आणि दलियावर ठेवतो. कॅन्सरच्या पेशंटला दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात. अंडी, मासे, चिकन, डाळ, दही, जे पचेल ते थोडं थोडं द्या. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बिडी-सिगारेट चार आठवडे आधी सुटली तर ऑपरेशनची जोखीम कमी होते. आणि रमजान असेल, तर आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुराणानेच दिली आहे. ती सवलत घेणं म्हणजे ईमान कमी होणं नव्हे, हे दादीला प्रेमाने सांगायचं काम आपलं आहे.

आता जरा मोठा प्रश्न. आपल्या मोहल्ल्यांत वयस्कर बाई काम असल्याशिवाय बाहेर पडत नाही. बाजार, लग्न, दवाखाना. नुसतं चालायला म्हणून ती निघाली तर लोक विचारतात, "कहाँ चली?" पुरुषांना निदान मशिदीपर्यंतची पायपीट असते. बाईला घरात उभं राहून दिवसभर काम असतं, पण मोकळं, भरभर चालणं नसतं. मग साठाव्या वर्षी ऑपरेशन ठरतं आणि तिच्याकडे शिल्लक काही नसते. हा फक्त वैद्यकीय प्रश्न नाही. बाईच्या शरीरावर आणि रस्त्यावर तिचा किती हक्क आहे, हा प्रश्न आहे. म्हणून वस्तीत बायकांचा सकाळचा चालण्याचा गट सुरू करणं हे चळवळीचंच काम आहे. शाळेचं मैदान तासभर मागा, मशीद कमिटीशी बोला, नगरसेवकाकडे जा. आणि पहिल्या दिवशी आपल्या अम्मीला घेऊन या.

शेवटी तवक्कुलबद्दल. "जो होगा अल्लाह की मर्ज़ी से होगा" असं घरचे म्हणतात, तेव्हा वाद घालू नका. उंट बांधण्याची हदीस त्यांनाही पाठ असते, तिची फक्त आठवण करून द्या. ऑपरेशन सर्जन करतील, शिफा अल्लाह देईल. मधले चार आठवडे मात्र आपल्या हातात दिलेले आहेत. आज ज्याच्या घरी तारीख ठरलेली आहे, त्याने आज संध्याकाळीच पेशंटला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालून यावं. डॉक्टरांना एक फोन करून, आणि हात धरून.

जय संविधान.