चिकटवहीचे पान आणि पुठ्ठ्याचा साचा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



जिल्ह्यातील जुन्या शाळांच्या कार्यालयात भिंतीवर एखादे समूहछायाचित्र टांगलेले आढळते. पुढे सतरंजीवर लहान मुले, मागे खुर्च्यांवर गुरुजन, त्यामागे बाकावर उभी असलेली मोठी मुले, आणि खाली बोरूने काढलेल्या अक्षरांत ओळीने नावे. त्या काळी छायाचित्रकार तालुक्याच्या गावाहून यावयाचा आणि वर्षातून एकच चित्र निघावयाचे. ते एकच असल्यामुळे कोणाला वगळण्याची सोय नव्हती. आज स्नेहसंमेलनाच्या एका दिवसात शिक्षकाच्या मोबाईलमध्ये दोनशे छायाचित्रे जमा होतात. त्यांपैकी एकाखालीही नाव नसते, आणि पुढे त्यांचे काय होते हा विचार सहसा कोणी करीत नाही. शिक्षकाची बदली झाली म्हणजे मोबाईल त्याच्या खिशातून दुसऱ्या गावी जातो आणि त्याबरोबर शाळेची चार-पाच वर्षेही जातात.

याला उपाय म्हणून अनेक शाळांनी चिकटवह्या केल्या आहेत. परंतु त्या उघडून पाहिल्यास पहिली चार पाने भरगच्च, पुढची दोन वाकडीतिकडी आणि बाकीची कोरी असा प्रकार दिसतो. एका पानावर किती चित्रे घ्यावीत, कोणते कोठे लावावे, नाव कोठे लिहावे हे दर पानाला नव्याने ठरवावे लागते, आणि उत्साह दुसऱ्या आठवड्यात मावळतो. ही अडचण पुठ्ठ्याच्या एका साच्याने दूर होते.

साच्याची कल्पना नवी नाही. पॅरिस येथे दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने १८५४ साली एकाच काचेवर आठ लहान चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले. ती चित्रे सुमारे अडीच इंच रुंद व चार इंच उंच अशा एकाच मापाच्या पुठ्ठ्यावर चिकटवीत. माप एक ठरल्याबरोबर त्यांच्यासाठी खास अल्बम निघाले. पानात आधीच खिडक्या कापलेल्या असत आणि घरच्या मंडळींनी चित्रे त्यांत सरकवावयाची एवढेच काम उरे. पुढे १८७३ साली अमेरिकेतील प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी गोंदाचे पट्टे आधीच लावलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले. पान ओले करावे आणि कात्रण दाबावे, झाले! लेखकाला गोंदाच्या बाटलीचा किती वैताग आला असेल, याची कल्पना त्यावरून करता येते. दोन्ही युक्त्यांचे मर्म एकच आहे. जो निर्णय शंभर वेळा घ्यावा लागतो तो एकदाच विचारपूर्वक घ्यावा आणि हात पुढच्या कामाला मोकळे ठेवावेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. बाजारात मिळणारा कार्डशीटचा कागद २२ इंच रुंद व २८ इंच लांब असतो. त्याचे चार समान भाग केले म्हणजे ११ इंच रुंद व १४ इंच उंच अशी चार पाने मिळतात. छायाचित्रांचे माप ठरविताना मात्र थोडे गणित करावे लागते. दुकानात चित्र साधारणपणे ६ इंच बाय ४ इंच अशा पोस्टकार्ड मापात छापून मिळते. याचे प्रमाण ३:२ आहे, आणि मोबाईलचे चित्र बहुधा ४:३ प्रमाणात असते. आडवे चित्र पोस्टकार्डभर पसरविले तर उंचीचा नववा हिस्सा कापला जातो. मागच्या रांगेतील मुलांची डोकी छाटली जातात ती यामुळे, आणि दुकानदाराला उगाच बोल लागतो. त्याऐवजी एका पोस्टकार्डावर दोन चित्रे छापून घ्यावीत. पोस्टकार्डाचे दोन भाग केले म्हणजे प्रत्येक भाग ४ इंच बाय ३ इंच येतो. हे प्रमाण मोबाईलच्या चित्राशी तंतोतंत जुळते. डोके कापले जात नाही आणि खर्च निम्म्यावर येतो. हे उदाहरण वर्गाला गुणोत्तराच्या पाठात द्यावे, मुले ते विसरणार नाहीत.

साचा पानाएवढ्याच पुठ्ठ्याचा करावा. साडीच्या खोक्याचे झाकण यासाठी चांगले, पुरेसे मोठे नसल्यास दोन तुकडे जोडावेत. डाव्या बाजूस शिवणीसाठी दीड इंच सोडावे आणि वर शीर्षकासाठी दीड इंच. नंतर ४ इंच रुंद व ३ इंच उंच अशा दोन खिडक्या, मध्ये अर्धा इंच ठेवून, शेजारीशेजारी कापाव्यात. प्रत्येक खिडकीखाली पाऊण इंचाची पट्टी मजकुरासाठी राखावी. अशा तीन ओळी घेतल्या म्हणजे सहा खिडक्या होतात, उजवीकडे एक इंच आणि तळाशी सव्वा इंच उरतो. साचा पानावर कडा जुळवून ठेवावा, खिडक्यांच्या आतून पेन्सिलीने फिकट रेषा ओढाव्यात आणि उचलावा. पानाच्या मागील बाजूस शिवण उजवीकडे येते. तेथे साचा उलटा करून ठेवला की काम भागते, दुसरा करावा लागत नाही. उभ्या चित्रांसाठी चार खिडक्यांचा निराळा साचा ठेवावा. खिडक्या कापण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे, रेषा ओढण्याचे तिसरीचे मूलही करू शकते.

चिकटविण्याविषयी दोनच सूचना पुरेत. पिठाच्या खळीला कसर व झुरळे लागतात, आणि पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून चित्रावर डाग ठेवते. जुन्या लिफाफ्याचे कोपरे कापून पानावर चिकटवावेत व चित्राचे चारही कोन त्यांत अडकवावेत. मग चित्राला गोंद लागत नाही आणि गरज पडल्यास ते काढता येते.

येथपर्यंत हस्तव्यवसाय झाला. साच्याचा खरा उपयोग यापुढे दिसतो. खिडक्या सहाच असल्यामुळे साठ चित्रांतून सहा निवडावी लागतात. ही निवड मुलांच्या गटाकडे सोपवावी आणि शेजारी हजेरीपट उघडा ठेवावा. जो मुलगा निवडलेल्या चित्रात दिसेल त्याच्या नावापुढे टिंब द्यावे. चार पाने झाल्यावर तो हजेरीपट पाहण्यासारखा असतो. नाचात पुढे असणाऱ्या, भाषण करणाऱ्या, शिक्षकाच्या जवळ उभ्या राहणाऱ्या मुलांपुढे टिंबांची रांग लागते आणि काही नावांपुढे एकही टिंब नसते. दोनशे छायाचित्रे काढणाऱ्या शिक्षकालाही हे तोवर कळलेले नसते. त्याने कोणाला मुद्दाम वगळलेले नसते, परंतु कॅमेरा डोळ्यामागे जातो आणि डोळा सवयीच्या मुलांकडे जातो.

म्हणून प्रत्येक वर्गासाठी आणखी एक साचा हवा. हा मुखचित्रांचा साचा होय. पासपोर्ट मापाच्या, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर रुंद व साडेचार सेंटिमीटर उंच, अशा पाच खिडक्या एका ओळीत, मध्ये एकेक सेंटिमीटर ठेवून, या पानात बरोबर बसतात. खाली नावासाठी दीड सेंटिमीटर धरून चार ओळी घेतल्या म्हणजे वीस मुलांचे पान होते. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. चौकटी आखल्याबरोबर त्यांखाली सर्व नावे प्रथम लिहावीत, चित्रे नंतर लावावीत. चित्र आधी व नाव मागून असा क्रम ठेवल्यास ज्याचे चित्र नाही तो मुलगा पानातून नाहीसा होतो आणि पान मात्र पूर्ण दिसते. नाव आधी लिहिले की रिकामी चौकट रोज डोळ्यांसमोर राहते.

कोल्हापूर जिल्ह्यात या नियमाला विशेष अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या परिसरात मराठवाड्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपला की परततात. त्यांची जी मुले शाळेत बसतात ती वर्षअखेरच्या समूहछायाचित्राच्या वेळी गावात नसतात. पुढल्या हंगामात टोळी दुसऱ्याच कारखान्याकडे जाते. चार महिने वर्गात बसलेल्या त्या मुलीचा पुरावा शाळेजवळ कोणता? करवीर राज्यात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला तो सर्वांसाठी होता. अशा मुलांसाठी पानाची शेवटची ओळ आधीच राखून ठेवावी, आणि मूल आले त्याच आठवड्यात त्याचे चित्र घ्यावे. निघतेवेळी त्याची एक प्रत मुलाच्या हाती द्यावी. खर्च अगदी थोडा येतो. एखाद्या पालकाला चित्र नको असेल तर त्याच्या इच्छेचा मान राखावा आणि त्या चौकटीत मुलाने स्वतः काढलेले चित्र लावावे. चिकटवही शाळेत राहते. तीच पाने मोबाईलवरून सर्वत्र पाठविणे ही निराळी गोष्ट आहे आणि त्यास पालकांची संमती असलीच पाहिजे.

खिडकीखालच्या पाऊण इंचात काय लिहावे? "वनभोजनाचा आनंद" हे वाक्य कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वर्षाला लागू पडते, म्हणून ते निरुपयोगी आहे. तारीख, ठिकाण आणि डावीकडून नावे एवढे असले की पुरे. चित्रात झाड, विहीर, जुने छप्पर दिसत असेल तर त्याचाही उल्लेख करावा. याच कारणासाठी चित्राला कात्रीने बदामाचा किंवा चांदणीचा आकार देऊ नये. आज जी पार्श्वभूमी कापून टाकावीशी वाटते तीच तीस वर्षांनी गावकरी बोट ठेवून दाखवितात.

साच्यामुळे मुलांच्या कल्पकतेला आळा बसेल, असा आक्षेप काही शिक्षक घेतात. तो सर्वस्वी चुकीचा नाही. सहा पाने साच्याने केल्यावर सातव्या पानावर दोन खिडक्या एकत्र करून मोठे चित्र लावण्याची मोकळीक मुलांना द्यावी. समास मात्र मोडू देऊ नये. मोबाईलवर क्षणार्धात अनेक चित्रे एका चौकटीत बसविणारे तयार साचे मिळतात. कार्यक्रमाची बातमी पाठविण्यास ते ठीक आहेत, परंतु त्यांत चेहरे बारीक होतात, नावांना जागा नसते आणि पान पुन्हा मोबाईलमध्येच राहते.

जुनी चित्रे मिळाली तर मूळ प्रत चिकटवू नये. काच काढून, खिडकीजवळच्या उजेडात, झोत न टाकता तिचे चित्र घ्यावे व ती प्रत वापरावी. राहता राहिला पुराचा प्रश्न. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५५ फुटांवर गेली. प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारखी गावे पाण्याने वेढली गेली, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. नदीकाठच्या शाळांनी चिकटवही कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र केंद्रशाळेच्या संगणकात द्यावे. चिकटवही तयार होताच तिची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी, म्हणजे बदलीच्या वेळी कार्यभार देताना बाके, घड्याळ व नकाशे यांबरोबर ती मोजून पुढच्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी लागेल.