अग्निशमन सेवा आणि आपले तरुण
(ज्ञातिमंडळाच्या घोटी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



तरुणांच्या उपजीविकेविषयी चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चालकांनी आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्या सेवेकडे आपल्या समाजाचे लक्ष अद्याप फारसे गेलेले नाही, ती अग्निशमन सेवा मी आज विषय म्हणून घेतली आहे.

हा विषय घोटीस परका नाही. १ जानेवारी २०२३ रोजी जवळच्याच मुंढेगाव येथील जिंदाल कारखान्यात आग लागून कामगारांचे प्राण गेले. मे २०२५ मध्ये तेथेच पुन्हा मोठी आग लागली. दोन्ही वेळी नाशिक व अन्य ठिकाणांहून बंब धावून आले. त्या बंबांवर आपल्या घरातील मुलगा का नसावा, असे विचारले की दोन उत्तरे मिळतात. एक, ‘आता वय उलटले’; दुसरे, ‘आमच्या घराण्यात हे कोणी केलेले नाही.’

प्रथम वयाचे पाहू. मुंबई अग्निशमन दलाने २०२३ च्या प्रारंभी ९१० जागांसाठी भरती घेतली. तेव्हा खुल्या वर्गास वयोमर्यादा २७ वर्षांची होती व मागासवर्गीयांस ५ वर्षांची सवलत होती. असे असता चोविसाव्या वर्षीच हातपाय गाळणारा तरुण परीक्षकाच्या आधी स्वतःलाच नापास करतो. मात्र ही मर्यादा सर्वत्र सारखी नसते. सांताक्रूझच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा ६ महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम ज्यास करावयाचा असेल, त्याने लवकर जागे व्हावे. तेथील मर्यादा याहून कमी असते. आणि सवलत ज्यांस लागू आहे, त्यांनी जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र आधीच सिद्ध ठेवावे. कागदाअभावी गेलेले वर्ष पुन्हा मिळत नाही.

आता घराण्याचे. हा धंदा कोणत्याच जातीचा वंशपरंपरागत नाही. तो शहरांबरोबर जन्मास आला. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची स्थापना १९५६ ची. पण तेथे पहिली विद्यार्थिनी, हर्षिनी कान्हेकर, प्रविष्ट झाली ती २००२ मध्ये. त्यांच्यापुढे कोणाचा कित्ता होता? पाऊल टाकले, तीच वाट झाली.

आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात राबणारा, भाताची पोती खांद्यावर वाहणारा आपला तरुण शरीराने दुबळा नाही. परंतु कष्टाची सवय निराळी आणि घड्याळ लावून धावणे निराळे. त्या भरतीत पुरुषांस ८०० मीटर अंतर ३ मिनिटांत धावावयाचे होते. तेथे कुळी कामास येत नाही, तशी सबबही येत नाही. म्हणून माझे सांगणे इतकेच : जाहिरातीत जी अट लिहिलेली नाही, ती आपण आपल्या मनाने घालून घेऊ नये, आणि जी लिहिलेली आहे, ती पुरी करण्यात कसूर करू नये.

माताभगिनींच्या मनातील भय मी जाणतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटांत ६६ अग्निशामकांनी देह ठेवला. मे २०१५ मधील काळबादेवीच्या आगीने तर चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला आणि त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हेही होते. हे झाकून मुलांस पाठवू नये. सर्व सांगून, संमतीने पाठवावे. जेथे प्रमुखही जवानांबरोबर आगीत शिरतो, त्या सेवेस कोणी हलकी म्हणू नये.

मंडळास एक विनंती आहे. गुणवंतांच्या सत्काराबरोबरच भरतीच्या जाहिराती फलकावर लावाव्यात, दाखल्यांसाठी एक जाणता मनुष्य नेमावा आणि पहाटेच्या धावण्यासाठी मुलांस एकत्र करावे. खर्च थोडा आहे. पण विलंब झाला, तर त्याची किंमत एखाद्या मुलाच्या वयाने चुकती होईल.