चिठ्ठी पोचली असती तर



रोमिओ आणि ज्युलिएटची गोष्ट शेवटी एका चिठ्ठीपाशी येऊन ठेपते. ज्युलिएट मेलेली नाही, 42 तासांच्या औषधी झोपेत आहे, हे कळवणारी ती चिठ्ठी. ती घेऊन एक साधू मांटुआला, रोमिओकडे निघतो. सोबतीला घ्यायचा दुसरा साधू आजाऱ्यांची शुश्रूषा करत असतो. व्हेरोना शहरात प्लेगची धास्ती. पहारेकऱ्यांना संशय येतो आणि ते दार बंद करून दोघांनाही आत कोंडतात. इकडे रोमिओचा नोकर ज्युलिएटला थडग्यात ठेवताना बघतो आणि तडक घोड्याला टाच मारतो. खरी चिठ्ठी अडकून पडते आणि खोटी बातमी वेळेवर पोचते.

शेक्सपिअरनं हे नाटक 1595 च्या सुमारास लिहिलं. असं कोंडून ठेवणं म्हणजे काय, ते आपण 2020 साली करोनाच्या साथीत अनुभवलं. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईवर जगतात. या कामासाठी परमुलखात गेलेली माणसं तेव्हा गावी परतून शाळेच्या खोल्यांमध्ये थांबली. घरच्यांना जवळ जायची सोय नव्हती, पण फोन चालू होते. जेवलास का, ताप आहे का, सगळं बोलणं होत होतं. तो साधू आज कोंडला गेला असता, तरी निरोप अडला नसता. ‘ती जिवंत आहे, थांब’ एवढे शब्द पुरे होते.

मग आजच्या काळात ती दोघं सुखानं नांदली असती का? मला तसं वाटत नाही. चिठ्ठी चुकली हे खरं. पण चिठ्ठी लिहायची, मरणाचं सोंग घ्यायची वेळ त्यांच्यावर का आली? दोन घराण्यांच्या वैरामुळे. मोबाइलनं रस्त्यातला अडथळा दूर होतो, घरातला होत नाही.

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला पडद्यावर आला. करमाळ्याकडची आर्ची आणि परश्या हैदराबादला जाऊन संसार थाटतात, मूल होतं. आर्चीला आईची आठवण येते, ती फोन लावते. इथं निरोप अगदी नीट पोचतो, माय-लेकी बोलतात. आणि मग आईनं दिलेल्या भेटवस्तू घेऊन भाऊ दारात येतात. पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. व्हेरोनाची जोडी निरोप न पोचल्यानं गेली, ही पोचल्यानं गेली. मारणारी गोष्ट दोन्हीकडे एकच, घराण्याची अब्रू.

खरं तर पळून गेलेल्या जोडप्याला आज लपणं जास्त अवघड झालंय. एखाद्या मैत्रिणीनं हौसेनं स्टेटसला फोटो ठेवावा आणि मागं एसटी स्टँडची पाटी दिसावी. बेपत्ताची तक्रार झाली की मोबाइलचं लोकेशन निघतं. विशेष विवाह कायदा 1954 चा. त्यात लग्नाआधी 30 दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. पूर्वी ती वाचायला त्या कार्यालयात जावं लागे. आता एकानं फोटो काढला की संध्याकाळपर्यंत भावकीच्या ग्रुपवर. आणि घरात नुसती कुणकुण लागली तरी पहिल्यांदा काय होतं? मुलीच्या हातातला फोन जातो, सिम मोडलं जातं.

याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपण लग्नाला हौसेनं जमणारी माणसं आहोत. चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभू महादेव-पार्वतीचं लग्न लागतं. पंचमीला हळद, अष्टमीला लग्न. महादेवाच्या कळसापासून बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत लांबच लांब पागोटं ताणून बांधतात. अठरापगड जातींची माणसं त्या लग्नाला वऱ्हाडी असतात. ज्या पार्वतीनं तप करून आपला नवरा आपण निवडला, तिच्यावर आपण अक्षता टाकतो. मग घरातल्या सज्ञान लेकीनं निवडला तर कोयता कशाला?

सर्वोच्च न्यायालयानं 27 मार्च 2018 च्या निकालात सांगितलंय की सज्ञान मुला-मुलीच्या लग्नात खाप, जातपंचायत, जमाव, कुणालाही आडवं येता येणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास हेल्पलाइन, अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा, हेही त्यात आहे. साताऱ्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा जोडप्यांना आधार देतात. तंत्रज्ञानाचा खरा उपयोग मला इथं दिसतो. जोडप्याचा पहिला निरोप घरी जाण्याआधी जिल्ह्याच्या विशेष कक्षाकडे जावा. जिवाला धोका वाटला तर 112 लावा, फुकट लागतो.

आणि दोन शब्द आयांना. घर सोडून गेलेल्या लेकीचा फोन आला तर तिच्याशी पोटभर बोला, रागवायचं असेल तर रागवा. पण ती कुठल्या गावात, कुठल्या गल्लीत राहते, हे तिला विचारू नका. तिनं आपणहून सांगितलं तर घरात कुणालाही सांगू नका, सख्ख्या भावालासुद्धा नाही.