लेबलवरचा आकडा



बिअरमध्ये पाणी आहे, अशी तक्रार कुणी केली की लोक हसतात. मला ती हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. पैसे मोजणाऱ्याला छापलं आहे तेच मिळालं पाहिजे, मग वस्तू दूध असो की बिअर.

२०१३ साली अमेरिकेतल्या ग्राहकांनी बडवायझर बनवणाऱ्या अ‍ॅनहायझर-बुश कंपनीवर दावे लावले. बाटली भरण्याआधी जादा पाणी घालून मद्यार्क छापील आकड्यापेक्षा कमी केला जातो, असा आरोप होता. कंपनीने तो साफ नाकारला. एनपीआर या तिथल्या सार्वजनिक रेडिओने काही नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतले, ते लेबलशी जुळले. हेही सांगायला हवं.

पाणी घालणं हा मुळात गुन्हा नाही. मोठे कारखाने बिअर आधी तीव्र बनवतात आणि शेवटी पाण्याने ठरलेल्या प्रमाणावर आणतात. वाद त्या प्रमाणाचा होता. तिथला नियम ०.३ टक्के इकडे-तिकडे चालवून घेतो. म्हणजे लेबलवर ५ आणि बाटलीत ४.७, तरी लेबल बरोबर! ग्राहक म्हणाले, ही सवलत नकळत पडणाऱ्या फरकासाठी आहे. ज्यांना नेमका आकडा मोजता येतो, त्यांनी ती का घ्यावी? ओहायोतल्या न्यायालयाने २०१४ मध्ये दावा फेटाळला. फरक मुद्दाम ठेवला की आपोआप पडला, हे नियम विचारतच नाही. अपिलातही निकाल कायम राहिला.

निकाल नियमाला धरून असेल, पण नियमच ग्राहकाला अपुरा पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. जिभेला ०.३ चा फरक कळत नाही, म्हणून तर छापील आकड्यावर भिस्त ठेवायची. तो आकडाही सहज मिळालेला नाही. बिअरच्या लेबलवर मद्यार्क छापायला तिथल्या संघराज्याच्या कायद्याने बंदी होती. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ती रद्द केली.

याच कंपनीवर लेबलवरून आणखी एक दावा झाला, पण तो आकड्याचा नव्हे, मूळ देशाचा. बेक्स ही मूळची जर्मनीतल्या ब्रेमेनची बिअर. ती अमेरिकेत बनू लागली तरी वेष्टनावर जर्मनीचाच डौल राहिला. त्या दाव्यात मात्र कंपनीने २०१५ मध्ये तडजोड केली. पावती नसलेल्यांनाही १२ डॉलरपर्यंत परतावा देऊ केला.

आपल्याकडेही मद्याच्या लेबलवर मद्यार्काचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे. ते वाचा. शंका आली तर बाटली आणि बिल जपून ठेवा, आणि संकोच न करता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.